आषाढाचा रकाना

"ताई, धरू नका. बोला."

प्रयागबाईंचं हे वाक्य मला त्यांच्या चेहऱ्याच्याही आधी आठवतं. दूध सोसायटीच्या खोलीच्या दोन पायऱ्या उतरताना त्या एका बाजूला झुकल्या आणि मी न विचारता त्यांचा दंड धरला. त्यांनी तो हिसकावून घेतला नाही. नुसत्या थांबल्या, माझ्या बोटांकडे पाहत राहिल्या, आणि बोटं सुटल्यावर म्हणाल्या, "कुणी धरलं की माझा तोल त्याच्याकडं जातो. मग त्यानं सोडलं की म्या पडते. बोललं की कसं, ध्यान बोलण्यात ऱ्हातं आन पाय आपलं आपण चालतंय."

धरणं मला जमलं असतं. बोलणं जमत नव्हतं. मी वीस-एकवीस वर्षांची होते, पुण्यातल्या इंग्रजी शाळेत वाढलेली. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळवायचं, मग मराठीत आणायचं, आणि तोवर विषय बदललेला असायचा. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करावा लागे. वर्गातल्या मुलांनी पंप, गिअर, बॉयलर वाटून घेतले. यादीच्या तळाशी 'अपंगांसाठी चालण्याचे साधन' एवढा एक विषय उरला, तो माझ्याकडे आला. माझे मामा मुरुमला जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी कळवलं, "इकडे ये. इथल्या एका दूध सोसायटीत एक बाई आहेत. तुझी कुबडी पास की नापास, ते त्या सांगतील." मामांनी हे गमतीत लिहिलंय असं मला वाटलं होतं.

मुरुमपासून तीन-चार मैलांवरचं ते गाव. जिल्ह्याला आता धाराशिव म्हणतात, तेव्हा पाकिटावर उस्मानाबाद लिहायचो. गावाचं नाव मी इथे देणार नाही. माणसांची मात्र देणार आहे. माणसांची नावं मी एकदा गाळली आहेत.

प्रयागबाई सोसायटीत टेस्टर होत्या. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घेऊन आले की प्रत्येकाच्या दुधात लॅक्टोमीटरची काचेची नळी सोडायची, ती कितीवर तरंगते ते बघायचं आणि दूध घ्यायचं की परत पाठवायचं ते सांगायचं. वय पस्तिशीच्या आसपास. उजवा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला, गुडघ्याखाली मनगटाएवढा. उजव्या बगलेत बाभळीची कुबडी, भावाने तासून दिलेली. वरच्या आडव्या दांडीला जुन्या लुगड्याची घडी गुंडाळलेली. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, कारण पडताना बाहेरच्या बाजूची काच फुटते. लॅक्टोमीटर कापडी पिशवीत, पिशवी गळ्यात. ती रात्री त्यांच्या घरीच असायची. सोसायटीच्या कपाटाला उंदीर लागतात हे एक कारण, आणि दुसरं त्या सांगायच्या नाहीत.

हात मात्र मोठे आणि घट्ट होते. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात. "खडी बसूनच फोडायची असती, ताई. त्या वर्षी समदा गाव माझ्यावानी खाली बसला. माझा ढीग सगळ्यांएवढा व्हायचा. लोक दुष्काळाला नावं ठेवत्यात, म्या बी ठेवते. पर त्या खडीवर माझ्या पायाकडं कुणी बघितलं न्हाय."

पायाबद्दल त्या अशा बोलायच्या, जसं घरातल्या एखाद्या हट्टी माणसाबद्दल बोलावं. त्या लहान असताना आईने त्या पायासाठी नवस बोलले होते, घोट्याला काळा गंडा बांधला होता. घराने धम्म स्वीकारला तेव्हा त्या सहा-सात वर्षांच्या होत्या. वडिलांनी घरातले देव ओढ्यात सोडले, परत आले, विळ्याने तो गंडा कापला आणि म्हणाले, "आता ह्यो पाय देवाचा न्हाय, तुझा." मग सातवीपर्यंत लेकीला खांद्यावर बसवून शाळेत नेलं. ही गोष्ट प्रयागबाईंनी मला दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा शेवट एकच केला, "पाय तुझा म्हणल्यावर त्याचं समदं आपल्यालाच बघावं लागतं की."

टेबलाशी बसल्या की त्यांचा आवाज खाली यायचा. रांगेत भांडणं चालायची, भावांची, बायकांची, टँकरच्या पाण्याची. त्यांची नजर दुधावरून हलायची नाही. काही घरांना त्यांचा हात भांड्याला लागलेला चालत नसे. त्यातले एक म्हातारे होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्या स्वतःच्या हाताने दूध मापात ओतत आणि दोन पावलं मागे सरून उभे राहत. एका सकाळी मी तिथे कोपऱ्यात बसलेली असताना तात्यांच्या दुधात लॅक्टोमीटर नको तेवढा खाली गेला. प्रयागबाईंनी तो वर काढला, पुसला, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "तात्या, माझा हात लागू ने म्हणून दूध तुमी वतताव, बराबर हाय. पर पाणी बी तुमीच वतताव व्हय?"

रांग हसली. तात्या हसले नाहीत. दूध परत गेलं.

अशी परत गेलेली दुधं गावात विसरली जात नव्हती. हे मला नंतर कळलं.

पहिल्या दिवशी मी दोन वस्तू घेऊन गेले होते. एक अॅल्युमिनियमची नवी कुबडी, कॉलेजच्या कारखान्यात बनवलेली, खाली काळं रबर. दुसरी प्रश्नावली, मी स्वतः इंग्रजीतून मराठीत आणलेली. सकाळचं दूध आटोपल्यावर प्रयागबाई समोर बसल्या आणि मी कागदात डोकं घालून वाचू लागले, "चालताना आपणांस किती अडचण येते? एक ते पाच यांपैकी अंक सांगावा. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अतिशय."

"कुठल्या म्हयन्यातली सांगू?"

मी कागद खालपर्यंत पाहिला. महिना कुठेच नव्हता.

"पौषात एक धरा," त्याच सांगू लागल्या. "भुईला भेगा पडल्या की दोन. औंदा माघातच पडल्यात. वैशाखात तीन. मिरगात चार. आषाढात..." त्या थांबल्या. "पाचाच्या फुडं हाय का काय?"

"नाही," मी म्हणाले.

"मग कागद वाढवा."

नव्या कुबडीवर त्या सोसायटीच्या शहाबादी फरशीवर तीन फेऱ्या चालल्या. फार सुरेख चालल्या. मी पावलांची अंतरं मोजून लिहून घेतली, दूध घालून रेंगाळलेली माणसं दारातून बघत होती, आणि मला आत कुठेतरी वाटलं की झालं, प्रकल्प झाला. मग आम्ही त्यांच्या घराकडे निघालो. त्या दोन पायऱ्या, माझं धरणं, त्यांचं ते वाक्य, हे तेव्हाचं.

सोसायटी गावात, त्यांचं घर ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यात. मधे काळ्या रानातून जाणारी पाणंद. दुसऱ्या माणसाला दहा मिनिटांची, त्यांना अर्ध्या तासाची. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. जमीन अशी उकलली होती की भेगेत मनगट जावं. पन्नास पावलांवर नव्या कुबडीचं रबर एका भेगेत वीतभर आत गेलं. प्रयागबाईंनी ती तिथेच सोडून दिली, डाव्या अंगावर पडल्या, आणि पडता पडता उजव्या हाताने गळ्यातली पिशवी डोक्याच्याही वर धरली. मी धावले.

"मला न्हाय, आंधी ही धरा," त्या खालूनच म्हणाल्या. मी पिशवी घेतली. मग त्या सावकाश उठल्या, लुगडं झटकलं. "म्या पडले तर उठते. ही काच पडली की उठत न्हाय." भेगेत ताठ उभ्या राहिलेल्या अॅल्युमिनियमच्या नळीकडे त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "ही फरशीवर शिकलीया, ताई. हिचा दोष न्हाय."

मीही फरशीवरच शिकले होते. पण ते त्या बोलल्या नाहीत.

घरी भावजयीने गुळाचा चहा दिला, आणि तिथे मला खरी गोष्ट समजली. दुष्काळातसुद्धा आषाढात आठ-दहा सरी येतात. पिकाला त्या पुरत नाहीत, पण काळ्या मातीचा चिखल व्हायला पुरतात. तो चिखल पायाला धरतो, कुबडीला धरतो, एकेका पावलाला शेर-दोन शेरांनी वाढत जातो. आदल्या आषाढात प्रयागबाईंचे बरेच खाडे झाले. कुबडी रुतायची, उपसताना त्या पडायच्या, दूध नासू नये म्हणून कुणीतरी ते न तपासता तसंच मापून घ्यायचं. तात्या आणि त्यांच्यासारखे चार जण चेअरमनकडे तक्रार घेऊन गेले. चेअरमनने सांगितलं की औंदाच्या आषाढात लागोपाठ दोन खाडे झाले तर दुसरा माणूस घेऊ.

"चेअरमन वाईट न्हाय," प्रयागबाई म्हणाल्या. "त्याला लई जणांचं ऐकावं लागतं."

"तुम्ही गावात खोली घेऊन राहिलात तर?" मी विचारलं.

भावजय चुलीपाशी हसली. "आमच्या वन्संला खोली देणारं घर कुठलं हाय गावात, ते बी सांगा की."

 प्रयागबाईंनी माझ्या कपात उरलेला चहा ओतला. "वैशाखाला म्या कशानं बी चालते. तुमचं शिक्षण असंल तर आषाढाचं करा."

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी पुण्याहून यायचे. एक रात्र एसटीत, दोन दिवस मामांकडे. संध्याकाळचं दूध आटोपलं की आम्ही पाणंदीने निघायचो आणि मला बोलावं लागायचं. पहिल्या खेपेला माझ्यापाशी बोलायला काही नव्हतं, तर मी पुण्यापासून मुरुमपर्यंतचे एसटीचे थांबे सांगितले. एकेक थांबा, एकेक पाऊल. मुरुम आलं तेव्हा आम्ही ओढ्यापर्यंतच पोचलो होतो.

"परतीचे बी सांगा," त्या म्हणाल्या. "घर अजून लांब हाय."

हळूहळू मी इतर गोष्टी सांगू लागले. वर्गात आम्ही दोघीच मुली, प्रयोगशाळेत लेथवर मला कुणी हात लावू देत नाही, सर प्रश्न विचारताना माझ्याकडे बघतच नाहीत. हे मी घरी कुणाला सांगितलेलं नव्हतं. प्रयागबाई दिलासा देत नसत. एकदाच म्हणाल्या, "तुमी तिथं उभ्या ऱ्हाता का बसता?" मी म्हटलं, बसते, मागे. "उभ्या ऱ्हावा. बसलेल्या माणसाला लोक येगळंच समजत्यात. मला इचारा."

फाल्गुनात त्या मला मुरुमच्या आठवडी बाजारात घेऊन गेल्या. भाजी नको, कापड नको, थेट बैलांना पत्री मारतात त्या लिंबाखाली. तिथे नबीलालचाचा बसायचे. दोराने बैल आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, नखं तासायची आणि प्रत्येक नखाला लोखंडाची पातळ पत्री ठोकायची. चाळीस वर्षं त्यांचं हेच काम. प्रयागबाई कुबडीवर रेलून बराच वेळ बघत राहिल्या.

"चाचा, बैलाचा पाय चिखलात हातभर जातो. निघताना अडकत का न्हाय? माझी कुबडी अडकती."

मी चार वर्षं यंत्रांचं शिकत होते. मीही चाचांकडेच पाहिलं.

नबीलालचाचांनी बांधलेल्या बैलाचा एक पाय मांडीवर घेतला आणि दोन नखं अंगठ्यांनी फाकवून दाखवली. "हे बघ बेटी. वजन आलं की दोनी नखं फाकत्यात, चिखलावर पसरत्यात. उचललं की मिटत्यात. मिटली की बाजूनं फट पडती, हवा शिरती, सुटला पाय. घोड्याचा पाय एकच नख. म्हणून घोडा काळ्या रानात नक्को."

प्रयागबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड गंभीर होतं पण डोळे हसत होते. मी वही काढून त्या खुराचं चित्र तिथेच काढायला बसले. माणसं भोवती जमली तरी उठले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

"जनावराला लई पत्र्या मारल्या," कुबडीला खूर करायचा म्हटल्यावर चाचा दाढी खाजवत म्हणाले. "माणसाला पैलीच बार."

"बैलाला पाडून मारता. मला पाडायचा तरास न्हाय बघा," प्रयागबाई म्हणाल्या. "म्या आपली आपण पडते."

पहिला खूर माझ्या आराखड्याप्रमाणे झाला. दोन लोखंडी पाती, मधे बिजागरी, बिजागरीला स्प्रिंग. कागदावर तो फार देखणा होता. कुबडी मात्र जुनी बाभळीचीच ठेवायची, असं प्रयागबाईंनी बजावलं होतं. "बगलेला तिची सवय हाय. खालचं काय बी बदला."

आता तो खूर चिखलात चालवून बघायचा होता. आणि चिखल नव्हता.

ही अडचण पुण्यात बसून कुणाला सुचली नसती. कॉलेजात मला नळ सोडून बादलीत माती कालवता आली असती. इथे वाड्यात दोन दिवसांआड टँकर यायचा आणि घागरींची रांग पहाटेपासून लागायची. मी मामांकडून दोन कॅन पाणी जीपमधून आणण्याचं बोलले. प्रयागबाई म्हणाल्या, "दुसऱ्या गावचं पाणी ह्या गावात चिखलाला आणलं, तर मला आषाढाच्या आंधीच काढतील."

सोसायटीत दुधाचे कॅन धुतलेलं पाणी फेकत नसत. ते जनावरांसाठी पाळीने वाटलं जाई. ज्याची पाळी, त्याने बादली घेऊन यायचं. प्रयागबाईंची एक शेळी होती, तिच्यासाठी आठवड्याला एक पाळी. त्यांनी दोन आठवड्यांच्या पाळ्या साठवल्या आणि घरामागे चार हात लांब, दोन हात रुंद अशा खड्ड्यात त्या आंबूस पाण्याने काळी माती भिजवली. दोन आठवडे शेळीला त्या आपल्या घागरीतलं पाणी देत होत्या, हे मला भावजयीकडून कळलं.

वाडा बघायला जमला. "माणसं घागरीसाठी डोकी फोडायल्यात, आन आमच्या वन्सं चिखल कालवायल्यात!" भावजय सगळ्यांना ऐकवत होती. "खूळ लागलंय. त्या पुण्याच्या बाईनं लावलंय."

मी खाली मान घालून माती कालवत होते. प्रयागबाईंनी त्यात हात घातला, दोन बोटांत चोळली. "हा चिखल न्हाय, ताई. हे कालवण हाय." त्या खाली बसल्या, आणखी कोरडी माती ओढली आणि भाकरीचं पीठ मळावं तशी मळू लागल्या. मळता मळता थांबून अंदाज घ्यायच्या, नाही म्हणून मान हलवायच्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ह्यो. ह्यो आषाढातला. वढ्यापाशी असाच असतो."

माझा देखणा खूर त्या चिखलात तीन पावलं चालला. तिसऱ्या पावलाला बिजागरीत माती बसली, पाती फाकलेली राहिली ती मिटेनात, आणि कुबडी आधीपेक्षाही घट्ट रुतली. माशा घोंगावत होत्या. कुणीतरी हसलं. मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं नाही.

प्रयागबाई खूर उपसून हातात घेऊन बसल्या, काडीने बिजागरीतली माती टोकरू लागल्या. "जनावराच्या पायात बिजागरी कुठं असती?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तिथं मांस असतं. मांस वाकतं आन परत येतं."

दुसरा खूर नबीलालचाचांनी ट्रकच्या जुन्या टायरचा कापला. वर एकसंध, खाली दोन नखं, नखांच्या तळाला पत्री. वजन आलं की रबर स्वतःच फाकणार, वजन गेलं की मिटणार. आराखडा असा नव्हताच. चाचांनी बैलाचा पाय बघून बघून तासला. तो घेऊन मी आले तेव्हा खड्ड्यातला चिखल वाळून भेगाळला असेल अशी माझी समजूत होती. तो ओला होता. रोज तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी कुणीतरी त्यात ओतत होतं. भावजय त्या वेळी आमच्याकडे पाठ करून चूल सारवत होती.

त्या दिवशी कुबडी आत गेली आणि 'चप्' असा आवाज करून बाहेर आली. प्रयागबाई त्या चार हातांत इकडून तिकडे, तिकडून इकडे चालत राहिल्या. किती फेऱ्या झाल्या ते मी मोजायचं होतं. मोजायला विसरले.

अहवाल एप्रिलमध्ये गेला. इंग्रजीत, टाइप केलेला, काळ्या बांधणीचा. मार्गदर्शक सरांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या होत्या. 'बैलाचा खूर' बरा दिसत नाही, तिथे 'दुभंगलेला लवचीक तळ' अशा अर्थाचे शब्द घालायचे. आणि शास्त्रीय अहवालात व्यक्तीचं नाव नसतं, अक्षर असतं. मी दोन्ही मान्य केल्या. गुण चांगले मिळाले.

मे महिन्यात मी कार्बन प्रत प्रयागबाईंना दाखवायला नेली. त्यांना इंग्रजी अक्षरं ओळखता येत. पानांवरून बोट फिरवत गेल्या, आकृत्या ओळखल्या, मग विचारलं, "माझं नाव कुठं हाय?"

मी 'सब्जेक्ट पी' दाखवलं.

"पी म्हंजी म्या?"

"हो."

त्यांनी ते अक्षर जरा वेळ पाहिलं. रागावल्या नाहीत. "बरं. आन नबीलालचाचा कुठल्या अक्षरात हाय?"

चाचा कुठल्याच अक्षरात नव्हते. आभाराच्या पानावर सर होते, विभागप्रमुख होते, मामा होते. मी पेन काढलं आणि त्या प्रतीच्या पहिल्या पानावर मराठीत दोन्ही नावं लिहिली. ती प्रत मी त्यांच्याकडेच ठेवली. पण कॉलेजच्या ग्रंथालयात आहे ती दुसरी प्रत. तिच्यात अजूनही 'पी' आहे, आणि चाचा नाहीत. हे लिहिण्याने त्याची भरपाई होते असं मला वाटत नाही.

"आता आषाढ," मी निघताना त्या म्हणाल्या. "परीक्षा तुमची झाली. माझी व्हायचीय."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षीच्या जुलैत. मला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, मामांच्या बदलीचा हुकूम आला होता, आणि मुरुमला यायला पुढे काही कारण उरणार नव्हतं. सकाळच्या पहिल्या एसटीने मी वाड्याकडच्या फाट्यावर उतरले. दोन दिवस भुरभुर होती, त्या सकाळी उघडीप. घरी भावजय म्हणाली, "वन्सं कवाच गेल्या. तुमी चपला हातात घ्या, न्हाय तर रानच ठिवून घेईल."

पाणंदीत माझ्यापुढे त्यांचा माग होता. डाव्या अनवाणी पायाचा ठसा, मग खुराचा, दोन नखांचा, स्वच्छ. पुन्हा पाय, पुन्हा खूर. मधे उजव्या पायाच्या बोटांची पुसट रेघ. एखादा बैल एकाच पायाने माणसाबरोबर चालत गेला असावा तसं दिसत होतं. मी चपला हातात घेऊन त्या ठशांच्या बाजूने चालले. प्रत्येक पावलाला माझा पाय जड होत होता आणि मी दोनदा पडता पडता राहिले. धरायला कुणी नव्हतं. पुण्यापासूनचे थांबे मी मोठ्याने म्हणू लागले.

ओढ्यापाशी ठसे विस्कटले होते. तिथे डाव्या हाताचा पूर्ण पंजा उमटला होता, कोपर होतं, कमरेची जागा होती, कुबडी आडवी पडल्याची लांब खूण होती. उजव्या हाताचा ठसा मी शोधला. तो कुठेच नव्हता. तो हात वर असणार.

पुढे पुन्हा सुरू झालं होतं. पाय, खूर. पाय, खूर. सोसायटीच्या पायरीपर्यंत.

आत रांग होती. भिंतीवर हजेरीचा कागद टांगलेला होता. खाड्याला तिथे लाल फुली मारत. प्रयागबाईंच्या ओळीत एकही फुली नव्हती. आषाढ संपायला चार दिवस होते. त्या टेबलाशी बसल्या होत्या, लुगड्याची डावी बाजू कमरेपर्यंत चिखलाने माखलेली, तो वाळून पांढरट होऊ लागलेला. कुबडी भिंतीला टेकवलेली, खुराखाली थोडंसं ओलं. दारात माझी सावली पडली तशी त्यांनी वर पाहिलं. माझे गुडघ्यापर्यंत भरलेले पाय पाहिले, हातातल्या चपला पाहिल्या.

"कागद वाढवला का?"

मी पिशवीतून प्रश्नावली काढली. तिच्यावर मी हाताने बारा रकाने आखले होते, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. त्यांनी सांगितलेले आकडे जागच्या जागी भरले होते. आषाढाचा रकाना मोकळा होता.

"दोन म्हणले असते," त्या म्हणाल्या. "पर वढ्यापाशी आडवी झाले. तीन लिव."

रांगेत पुढचे तात्या होते. त्यांनी दूध ओतलं आणि सवयीने मागे सरले. प्रयागबाईंनी पिशवीतून लॅक्टोमीटर काढला, पदराच्या कोरड्या टोकाने पुसला आणि दुधात सोडला. मी भिंतीला कागद धरून तीन लिहिलं. मान वर केली तेव्हा त्या पापणी न हलवता दुधाकडे बघत होत्या, तात्या बघत होते, मागची सगळी रांग बघत होती. काच अजून वर-खाली होत होती, आणि ती थांबेपर्यंत कुणी बोलणार नव्हतं.